बोराटीवर उतरलेली मातामाय

बोराटीचा काटा जोडीनं येतो. एक सरळ असतो, एक वाकडा. सरळ टोचतो आणि वाकडा धरून ठेवतो, म्हणून बोराटीत शिरलेलं माणूस आपल्या मर्जीनं बाहेर येत नाही. बार्शीटाकळीला मोटारीतून उतरलं की आमच्या गावाची बैलगाडीची वाट लागायची आणि दोन्ही अंगांना हाच काटा सोबतीला असायचा. शेताचं कुंपण, गोठ्याचं फाटक, कोंबड्यांचा आडोसा, सगळं बोराटीचं. आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला होती आणि वस्तीपलीकडे, जिथे खालच्या गावाची शीव लागते, तिथे तर बोराटीचं रानच माजलं होतं. आम्ही पोरी हिवाळ्यात त्यात शिरून बोरं वेचायचो. घरी आलो की माय आमचे हात उलटेपालटे करून बघायची आणि म्हणायची, "बोरं अदपाव अन् रगत पावशेर. कोन्या बाजारात इकू वं हे?" तीच बोरं ती छपरावर वाळवायची, उखळात कांडायची, आणि ते बोरकूट मीठ-गुळासोबत आम्हाला उन्हाळाभर पुरायचं. शहरातल्या पाकिटातलं बोरकूट मी खाऊन पाहिलं आहे. त्यात रगत नाही.

आमचं घर तुरहाटीच्या कुडाचं, वरून शेणमातीनं लिंपलेलं. कूड एवढा पातळ की शेजारच्या घरात फोडणी पडली तर शिंक आम्हाला यायची. पावसाळा सरता सरता मायच्या चुलीवर रोज अंबाडीची भाजी, ज्वारीच्या कण्या घालून शिजवलेली, वर लसणाची फोडणी. शेजारीण ओरडून विचारायची, "आजबी अंबाडीच काय वं?" आणि माय तितक्याच मोठ्यानं सांगायची, "काल पुरनपोई झाली ना बाई, तोंड गोड झालं होतं, म्हनून आज अंबाडी केली." पुरणपोळी आमच्या घरी कधी झाली होती ते मला आठवत नाही. आवाजात मात्र माझा बाप सगळ्यांच्या वर. बौद्ध धम्माच्या दीक्षेआधी गावची दवंडी तोच द्यायचा. दीक्षेनंतर त्यानं दवंडी सोडली, पण आवाज कुठे सोडणार? तो रात्रशाळेत अक्षरं शिकला आणि अकोल्याहून कोणी जुना पेपर आणला की दिवेलागणीला ओट्यावर बसून अक्षराला अक्षर जोडत वाचायचा. "स… र… का… र… नं," आणि मग एकदम, "सरकारनं!" अख्ख्या वस्तीला ऐकू जायचं. समोरच्या ओट्यावरून चिंधूकाका, बाबाचा चुलतभाऊ, म्हणायचा, "किसन, सरकारनं काय केलं थे उद्या सांगजो गा. आता आमाले जेवू दे."

आता गाड्याबद्दल सांगायला हवं, कारण आजच्या पोरांना तो माहीत नाही आणि ज्यांना माहीत आहे ते सांगत नाहीत. गावात देवीचा रोग आला, अंगावर फोड उठून माणसं दगावू लागली, की मातामाय कोपली असं समजत. मग सुताराकडून चार चाकांचा एक गाडा करून घेत. त्यावर मातामायचं लाकडी तोंड, हिरव्या बांगड्या, खण, दहीभात, कडुलिंबाचा डहाळा. तो गाडा आपल्या शिवेबाहेर नेऊन पुढच्या गावाच्या हद्दीत सोडायचा. झाली पीडा दूर! पुढच्या गावानं तो त्याच्याही पुढच्या गावाच्या हद्दीत लोटायचा. याला म्हणायचं शेजारधर्म. आणि हे ओढण्याचं काम गावोगाव आमच्या लोकांचं, महारकीतलं. आमच्या गावात ते आमच्या घराकडे होतं. आजोबानं केलं, मग बाबानं. दोरी खांद्यावरून काखेत घ्यायची आणि ओढायची. गाडा निघाला की घरोघर दारं लागायची, कारण ओढणाऱ्याचं तोंड पाहणं वाईट. मी अगदी लहान असताना एकदा कुडाच्या फटीतून बाबाला जाताना पाहिलं होतं. रस्त्याच्या मधोमध तो एकटा वाकून चाललेला, आणि दोन्ही बाजूंना सगळी दारं बंद. मला वाटलं, सगळं गाव माझ्या बापाला भितं! छाती भरून आली होती माझी. खरं काय ते कळायला मला अमरावतीला जावं लागलं.

दीक्षा घेऊन बाबा नागपूरहून परतला तेव्हा त्यानं घरातले देव नदीत सोडले आणि पाटलाच्या ओसरीखाली उभं राहून सांगून टाकलं: मेलेलं ढोर ओढणार नाही, दवंडी देणार नाही, गाडा ओढणार नाही. गाड्याची दोरी मायनं शेळी बांधायला घेतली. शेळी ती दोरी तोडून पळाली. माय म्हणाली, "तिनंबी दीक्षा घेतली बाप्पा."

अमरावतीला मी इंटर सायन्सला होते, मुलींच्या वसतिगृहात राहायची. आमचा पोरापोरींचा एक गट होता. आम्ही पतंगाच्या कागदासारख्या पातळ गुलाबी कागदावर पत्रकं छापायचो आणि रविवारी वस्त्यांमधून वाटायचो. मजकूर बहुतेक माझा असे, कारण माझी भाषा सगळ्यांत खडबडीत. तिला कोणी मऊ म्हटलं नाही आणि ती कोणाला दुसऱ्यांदा वाचावीही लागली नाही. छापखान्यात खिळे जुळवणारा एकदा वैतागून म्हणाला, "ताई, उद्गारचिन्हं संपली. आता रागवायचं असेल तं शब्दांनी रागवा." हा सल्ला मी आजवर पाळत आले आहे, जमेल तितका.

वनस्पतिशास्त्राच्या प्रात्यक्षिकात सरांनी एकदा करंजाची पानं आणली होती, गाठीगाठींनी भरलेली. पात्यानं गाठ चिरून भिंगाखाली ठेवली तर आत एक अळी. माशी कोवळ्या पानात अंडं घालते, त्या अंड्याभोवती पान स्वतःच फुगतं, अळी आतल्या आत पान खाऊन वाढते, पंख फुटले की भोक पाडून निघून जाते. मी उभी राहून म्हणाले, "सर, ही तर वेठबिगार झाली. घर झाडानं बांधायचं, जेवण झाडानं घालायचं आणि राहायचं माशीच्या पोरानं!" सर हसले. म्हणाले, "बाई, तुम्ही सभेत नाही, प्रयोगशाळेत आहात." मला त्या दोहोंत फरक कधी वाटला नाही, अजूनही वाटत नाही.

त्या वर्षी दसऱ्याच्या सुटीत घरी आले तर वस्तीच्या तोंडाशी कोणी नाही. सगळी माणसं शिवेवर. खालच्या गावात लेकरं फोडांनी आजारी पडली होती. दीक्षेनंतर पहिल्यांदाच तिथून गाडा निघाला होता आणि त्यांच्या एका सालदारानं तो आमच्या हद्दीत लोटून दिला होता. आमच्याकडून पुढे न्यायला कोणी आलं नाही. शिवेच्या बांधावरून घरंगळत तो बोराटीत घुसला आणि बोराटीनं आपल्या रीतीनं त्याला धरून ठेवला. लोक आधी लांबून पाहत होते, मग जवळून पाहू लागले, आणि गाडा पाहता पाहता त्यांची नजर पानांवर गेली. जन्मभर या माणसांनी बोराटीची बोरं पाहिली होती, काटे पाहिले होते, पानाकडे कोणी कशाला पाहील? पानापानावर ज्वारीएवढे गोल, टणक, लालसर दाणे उठले होते. अगदी देवीच्या फोडांसारखे. झालं! मातामाय गाड्यावरून उतरून बोराटीवर बसली.

सगळ्यांच्या पुढे गिरजाबाई होती. कुणब्याच्या घरची विधवा, मातामायच्या ओट्यावर रोज दिवा लावणारी, अंगात आलं की पाटलालाही "ए उत्तम" म्हणणारी. ती फांदीला हात न लावता बोटानं दाखवत होती, "पाहा बापा, पाहा. आज झाडाच्या आंगावर, उद्या लेकराच्या." उत्तमराव पाटील बाजूला होता. तो ओरडणारा माणूस नव्हता. बाबाला त्यानं जवळ बोलावलं, म्हणजे जेवढं जवळ बोलवत तेवढं, आणि म्हणाला, "किसन, ढोर नाई ओढत म्हनला, म्या आयकलं. दवंडी नाई देत म्हनला, थेबी आयकलं. पन हे साऱ्या गावाचं हाये. अमावास्येच्या आत गाडा नदीपार गेला पायजे. नाई तं यंदा वेचनीले तुमची एकबी बाई कोन्या वावरात दिसनार नाई." कापूस फुटायला लागला होता. वेचणी म्हणजे आमच्या वस्तीचं वर्षाचं मीठ-मिरची. हे पाटलाला माहीत होतं, म्हणून तर तो एवढ्या हळू बोलला.

त्या संध्याकाळी सगळी वस्ती आमच्या अंगणात. बाबा खाली मान घालून बसलेला. मोठ्या आवाजाचा माणूस गप्प बसला की घर लहान होतं. चिंधूकाका म्हणाला, आणि मला माहीत आहे तो वाईटानं म्हणाला नाही, "किसन, एक डाव ओढून टाक. देव म्हनून नोको ओढू. लाकूड म्हनून ओढ."

बाबानं मान वर केली. "लाकूड म्हनून ओढलं तं लोकं दारं उघडी ठेवतीन काय गा?"

मी तिथेच उभी राहिले आणि जाहीर केलं की बोराटीवर मातामाय नाही, किडा आहे आणि उद्या सकाळी तो मी सगळ्या गावाला दाखवते. माय म्हणाली, "मले आधी दाखव." पण मी पत्रकवाली. सभा भरल्याशिवाय मला काही दाखवता येत नसे.

सकाळी सगळं गाव शिवेवर जमलं. मी पातं काढलं, आणि लांबच्या माणसालाही दिसावी म्हणून फांदीवरची सगळ्यांत मोठी, वाळलेली, तपकिरी गाठ निवडली. आधी दोन शब्द बोलले. दोन कसले, बरेच बोलले. मग ती गाठ चिरली आणि तळहातावर धरून सगळ्यांपुढून फिरवली. आत काही नव्हतं. पोकळ.

"उडाली! मातामाय उडाली!" मागून कोणीतरी ओरडलं आणि शिवेवर हशा पिकला. गिरजाबाई म्हणाली, "खाली खोली दाखवाले तुले अमरावतीले शिकाले धाडलं काय वं?" गाठीला सुईच्या टोकाएवढं भोक होतं, ते मला आता दिसलं. राहणारा केव्हाच निघून गेला होता. मी भोक दाखवलं, म्हणाले इथून गेला. पाटील म्हणाला, "गेलेल्या चोराचं नाव कोनीबी सांगते, पोरी." मी घाईनं एक हिरवी गाठ चिरली. आत अळी होती, मी ती पाहिली, पण तिळाहून बारीक. लोकांनी वाकेपर्यंत ती पात्याखाली चिरडली आणि हातावर फक्त ओला ठिपका राहिला. "हे तं पानाचं पानी," कोणी म्हणालं. तेव्हा मी पाटलाकडे तोंड करून म्हणाले, "मंग राहिलेला चोर धरून दाखवतो. जिता. तुमच्या चावडीवर. अमावास्येच्या आत." वऱ्हाडात बाई असं बोलते, पुण्याच्या माणसांनी दचकू नये.

घरी जाऊन मी मायच्या लोणच्याच्या दोन्ही काचेच्या बरण्या रिकाम्या केल्या. ओली माती लागणार होती, पानं हिरवी राहावीत म्हणून. पण उद्या कोणी म्हणेल किडा मातीतूनच आला, म्हणून मी माती तव्यावर घेऊन खरपूस भाजायला बसले. माय दारातून बघत होती. "मातीची भाकर करून राहिली काय वं सुले? दुसऱ्या बाजूनंबी शेक, कच्ची राहीन." मग तिनंच उलथनं हातात घेतलं आणि माती परतली. भाजलेली माती उकळून गार केलेल्या पाण्यानं भिजवली, एका बरणीत गाड्याजवळच्या बोराटीच्या हिरव्या फांद्या खोचल्या आणि मायच्या जुन्या लुगड्याच्या पातळ कापडानं तोंड बांधलं. दुसऱ्या बरणीसाठी मी सगळं गाव पालथं घातलं. मारुतीच्या मागे, शाळेच्या कुंपणाला, तळ्यावर. जिथे बोराटी तिथे गाठी. आणि सगळ्यांत जास्त कुठे असाव्यात? उत्तमराव पाटलाच्या मळ्याच्या कुंपणाला! तिथे गाडा कधी गेला नव्हता, जाणारही नव्हता. दुसरी बरणी मी त्या फांद्यांनी भरली आणि बरण्या चावडीवर ठेवताना मोठ्यानं सांगितलं, "हे शिवेवरची. अन् हे पाटीलबुवाच्या मळ्यातली. मातामाय शिवेवर आता आली म्हनता ना, मंग मळ्यात कधीची पावनी होती?" पाटलानं मिशीवरून हात फिरवला. त्याचा सालदार तोंड फिरवून हसला, ते मी पाहिलं.

ज्या चावडीच्या पायरीखाली माझा बाप उभा राहून हुकूम ऐकत असे, तिच्यावर मी चढले होते. कोणी हटकलं नाही. सगळ्यांचं लक्ष बरण्यांवर होतं म्हणून असेल. पण चढले ती चढले. पुढे मी मोठ्या मोठ्या मंचांवर गेले, माईकसमोर बोलले. त्या पायऱ्यांची सर कशालाच नाही.

गिरजाबाई म्हणाली, "ह्या पोट्टीचा भरोसा नाई. हे वरून किडे टाकीन. मी बसतो इथं. बरनीले हात लावनार नाई मी, पन डोये लावून ठेवीन." मला हेच हवं होतं. मातामायची भगतीणच साक्षीदार असल्यावर आणखी कोण पाहिजे? रोज सकाळी ती भाकर बांधून चावडीवर यायची आणि तंबाखू मळत बरण्यांसमोर बसायची. संध्याकाळी चावडीला कुलूप लागायचं तेव्हा किल्ली तिच्या कमरेला. मीही समोरच्या पायरीवर बसायची. आधी आम्ही एकमेकींवर पाळत ठेवली. मग बोलू लागलो, कारण बरणीत काहीच घडत नव्हतं.

एकदा मी तिला तोंडावरच विचारलं, "जे देवी लेकरं नेते, तिले दिवा कावून लावता तुमी?" हा माझ्या पत्रकातला प्रश्न होता, जशाचा तसा. गिरजाबाईनं तंबाखू तोंडात टाकली. म्हणाली, "माहा गनपत तिनं नेला. तुह्याएवढा असता आज. ज्यानं नेलं त्याच्यापाशीच मांगा लागते ना वं? दुसऱ्याच्या दारी जाऊन काय भेटीन?" मग म्हणाली, "साऱ्याईले तिचं भेव. मले कायचं भेव? माह्यापाशी न्याले आता हाये काय?" पत्रकात या प्रश्नाच्या पुढची ओळ होती, ठसठशीत अक्षरात: ही देवी नाही, हा रोग आहे. मी ती बोलले नाही. आज ऐंशीच्या घरात पोचल्यावर सांगते, ती ओळ चूक नव्हती. ती ओळ अजूनही खरी आहे. पण त्या पायरीवर ती बसत नव्हती.

अमावास्या जवळ येत चालली. वस्तीत लोक माझ्याशी बोलेनासे झाले. चिंधूकाकाच्या बायकोनं मायला विचारलं, वेचणीला अकोल्याकडे कुठे जाता येईल का. बाबानं एवढंच केलं की रोज सकाळी कामाला जाताना वाट वाकडी करून चावडीवरून गेला, बरण्यांकडे एकदा पाहिलं आणि पुढे निघाला. त्यानं गाडा ओढावा की नाही हे दोन लोणच्याच्या बरण्यांवर आलं होतं. मला झोप लागत नव्हती, पण माझी खात्री एका क्षणासाठीही हलली नाही. हा माझा गुण म्हणा, नाही तर ताठा म्हणा.

मग एका सकाळी उन्हं वर यायच्या आत गिरजाबाईची हाक गावभर गेली. "आली वं! ए पोट्टी! बाहीर आली!" मी धावले, गाव धावलं. बरणीच्या तोंडाच्या कापडाला आतून चिलटांएवढ्या करड्या माश्या चिकटल्या होत्या. नाजूक, लांब पायांच्या, पंख नीट वाळले नसावेत अशा. शिवेच्या बरणीत होत्या आणि पाटलाच्या मळ्याच्या बरणीतही तेवढ्याच. पानांवरच्या गाठींना नवी भोकं. एक गाठ तर आमच्या डोळ्यांदेखत हलली, तिच्यातून काळं टोक आलं, ते थांबलं, मग पुढे सरकलं, मग पाय. गिरजाबाईनं ती बरणी दोन्ही हातांनी उचलली आणि डोळ्यांजवळ नेली. माझ्या मायची बरणी, तिच्या हातात! तिच्या ते लक्षातही आलं नाही. माझ्या आलं.

"हे करडी तं तुही माशी," ती म्हणाली. "अन् हे चमकनारी कोन? हिरवी-काळी? हे तं येगळी हाये."

खरंच वेगळी होती. काही गाठींतून बारीक, धातूसारख्या झळाळणाऱ्या गांधीलमाशीच्या जातीच्या माश्या निघत होत्या. सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी म्हणाले, "मले माईत नाई."

पाटील पुढे आला. "म्हंजे तुलेबी सारं समजत नाई."

"नाई समजत. म्हनून तं शिकाले जातो. समजलं की येऊन सांगीन."

काय झालं कोण जाणे, पण त्या एका वाक्यानं जेवढ्या माना हलल्या तेवढ्या माझ्या भाषणानं हलल्या नव्हत्या. नंतर सरांनी सांगितलं की झळाळणारी माशी पहिल्या माशीच्या अळीच्या अंगावर जगते, झाडाच्या घरात घुसलेल्या पाहुण्याला आतच खाते. ते मी गावात येऊन सांगितलंही. गिरजाबाई म्हणाली, "चांगलं झालं." कोणाचं चांगलं झालं ते तिनं सांगितलं नाही.

पण पाटील काही कच्चा गडी नव्हता. त्यानं दोन्ही बरण्या नीट पाहिल्या, आणि म्हणाला, "बरं. पानावर किडा हाये, मानलं. पन गाडा काई किड्यानं नाई आनला. तो शिवेवर उभाच हाये. तो ओढाचा कोनी?" आणि सवयीनं, वर्षानुवर्षांच्या सवयीनं, सगळ्या गावाची तोंडं माझ्या बापाकडे वळली. मी तोंड उघडलं. मायनं माझा हात दाबला.

बाबा कामाला निघालेला, खांद्यावर कुदळ. तो चावडीच्या पायऱ्या चढून वर आला, कुदळ भिंतीला टेकवली, आणि दवंडीच्या आवाजात, ज्या आवाजानं त्यानं जन्मभर दुसऱ्यांचे हुकूम सांगितले होते त्या आवाजात, पहिल्यांदा स्वतःचा हुकूम सांगितला:

"ज्याची माता, त्यानं ओढावी!"

खालच्या गावालाही ऐकू गेलं असेल. मी आयुष्यात पुष्कळ घोषणा लिहिल्या, काही भिंतींवर अजूनही पुसट दिसतात. पण एवढ्या कमी शब्दांत एवढं मला कधी लिहिता आलं नाही. कोणी हललं नाही. भक्त पुष्कळ होते, नवस बोललेले होते, बोकड कापलेले होते. प्रत्येक जण शेजारच्याकडे पाहत होता. पाटलानं आपल्या सालदाराकडे पाहिलं, तर तो केव्हाच मागच्या रांगेत गेला होता. "कोनी नाई काय गा?" बाबानं विचारलं. राग नव्हता त्यात. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

गिरजाबाईनं बरणी अलगद खाली ठेवली, पदर खोचला. "मी हावो ना," ती म्हणाली. "माही माता हाये. इतके वर्सं तुमी सारे तिले एकमेकाच्या शिवंत लोटून राहिले. कोनं घरात घेतलं एक दिवस?"

ती शिवेवर गेली. बोराटीतून गाडा सोडवताना तिच्या हातांना ओरखडे आले. कोणी मदतीला पुढे झालं नाही, फक्त मायनं कोयता दिला आणि चिंधूकाकानं आडव्या फांद्या तोडल्या. गिरजाबाईनं दोरी खांद्यावर घेतली. गाड्याचं तोंड तिनं नदीकडे वळवलं नाही, गावाकडे वळवलं, मातामायच्या ओट्याच्या वाटेनं. पहिल्या घराचं दार करकरलं, लागायला निघालं. ती तिथूनच कडाडली, "दारं उघडी ठेवा! पावनी येऊन राहिली!" आणि दारं उघडी राहिली.

गाडा शिवेवरून हलला तसं पाटलाचं निमित्तही हललं. त्या वर्षी वेचणीला आमच्या बाया सगळ्या वावरांत होत्या, पाटलाच्याही. गाडा पुन्हा कोणी आमच्या घराला सांगितला नाही. कोणी विचारलं की तुमच्या चळवळीनं काय मिळवलं, तर मी मोठमोठी नावं घेत नाही, हे सांगते.

त्या सकाळी मी आणि बाबा चावडीच्या वरच्या पायरीवर उभे होतो. गाडा आमच्या समोरून गेला. ओढणाऱ्यानं मागे वळून पाहायचं नसतं अशी रीत होती आणि बाबानं ती जन्मभर पाळली होती; गाडा बोराटीत अडकला तेव्हाही तो त्याच्याकडे पाठ करूनच उभा राहिला होता. त्याला कधी फक्त दोरी दिसली, कधी पायाखालची वाट. चाकं कुरकुरत पुढे गेली, लिंबाचा डहाळा हलत गेला. बाबा मान वाकवून, डोळे बारीक करून पाहत राहिला, वळणापर्यंत.

"सुले," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज मी इतका हळू कधी ऐकला नव्हता, "एवढासाच हाये काय वं तो!"